गाडीवर दुसऱ्याचा रंग चिकटलाय, ओरखडेही आहेत. काय घासू, काय नको?

आडवाटेची

उभ्या गाडीला कुणीतरी घासून गेलंय. कोण, ते कळायला मार्ग नाही. गाडी गडद निळी, त्यामुळे पांढरे पट्टे लांबूनही डोळ्यात खुपतात. मागच्या दाराच्या खालच्या भागात सुरू होऊन चाकावरून थेट बंपरच्या कोपऱ्यापर्यंत गेलेत. पत्रा कुठे चेपलेला नाही. दारावर एक काळा, रबरासारखा फराटा आहे. चाकाभोवतीच्या काळ्या प्लास्टिकलाही पांढरं लागलंय. बंपरच्या कोपऱ्यावर एका ठिकाणी राखाडी काहीतरी दिसतंय. ते त्याच्या गाडीचं की माझ्याच गाडीच्या आतलं, हे मला ओळखता येत नाही.

गॅरेजमध्ये दाखवली तर "दार, मागचा फेंडर (चाकावरचा पत्रा), बंपर, तिन्ही रंगवावं लागेल" असं लांबूनच सांगितलं. हातही लावून बघितला नाही. आणि ज्याला दाखवावी त्याच्याकडे उपाय तयार: टूथपेस्ट, पेट्रोल, थिनर, नेलपेंट काढायचं द्रावण, डब्ल्यूडी-४०. एकाने तर भांड्यांची हिरवी घासणी सुचवली. ते ऐकून मी गाडीवर कव्हर घातलं.

ज्यांनी हे काम केलेलं आहे त्यांनी कृपया सांगा, यातलं चालतं काय?

तिरपागडा

टूथपेस्ट. साधी पांढरी, जेलवाली नको. ओल्या फडक्यावर घेऊन गोल गोल फिरवा. मित्राच्या गाडीवरचं गेलं होतं.

दुपारची_झोप

+१. उरलेली दातांना. (दिवे घ्या)

कंदील

काहीही लावायच्या आधी फोटो काढून ठेवा. उजेडात, जवळून आणि लांबून, शेजारी पट्टी धरून, जमिनीपासूनची उंची कळेल असे. विम्याचा दावा करायचा असेल किंवा तक्रार द्यायची असेल तर तुमच्या दारावर चिकटलेला तो पांढरा रंग हाच पुरावा आहे. एकदा पुसला की गेला.

अवांतर: धडक देऊन पळून गेलेली गाडी शोधायला पोलिस हेच वापरतात. कारखान्यात लागलेल्या रंगाच्या थरांचा क्रम आणि त्यातली रसायनं कंपनीगणिक, कारखान्यागणिक, सालागणिक वेगळी असतात. कॅनडाच्या पोलिसांकडे, म्हणजे आरसीएमपीकडे, त्याचा पीडीक्यू नावाचा डेटाबेस आहे. एवढ्याशा खपलीवरून गाडीची कंपनी आणि साधारण वर्षं हाती लागू शकतात.

आडवाटेची

@कंदील, फोटो काढलेत, पट्टी धरून मात्र नव्हते. आता काढते. तक्रारीच्या भानगडीत पडायचं नाहीये, पण असू देत.

रंगारीकाका

गाड्या रंगवण्यात उमर गेली. हात थरथरायला लागला तशी रंगाची स्प्रे गन खाली ठेवली, बोलणं काही सुटलेलं नाही. म्हणून जरा लांबलचक लिहितो.

घासायचं तूर्त डोक्यातून काढा. आधी हे ठरवा की दिसतंय ते तुमच्या रंगावर चढलेलं आहे की तुमचा रंग तिथून गेलेला आहे. दोन्ही पांढरंच दिसतं. उपाय मात्र एकमेकांच्या उलटे आहेत. चढलेलं असेल तर काढायचं, गेलेलं असेल तर भरायचं. गेलेल्या जागी जितकं घासाल तितकं आणखी जाईल. लोकांची गाडी बिघडते ती इथे.

कारखान्यातून येणाऱ्या पत्र्यावर खालून वर असे थर असतात: गंज रोखणारा ई-कोट, त्यावर प्रायमर, त्यावर रंग म्हणजे बेस कोट, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. वहीचा एक जाडसर कागद धरा, तेवढंच. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. चमक त्याची, उन्हापासून राखणही त्याचीच. खालचा निळा रंग स्वतः मंद असतो, त्याला पाणी चढतं ते या वरच्या थरामुळे. तुम्हाला जे काही घासायचंय ते याच थरातून वजा होणार आहे.

आता तपासणी. जागा शांपूच्या पाण्याने धुऊन कोरडी करा. धूळ राहिली तर तीच पॉलिश पेपरचं काम करते. मग बोटाचं नख पट्ट्यावरून आडवं, दाब न देता ओढा. नख वर चढून पुढे गेलं तर तो थर बाहेरचा आहे. खाली अडकलं तर तुमच्या क्लिअर कोटला चीर आहे. काहीच जाणवलं नाही तर नुसतं वरवर खरचटलंय. मग त्या जागी पाण्याचा थेंब सोडा. ओलं असेपर्यंत ओरखडा दिसेनासा होऊन सुकल्यावर परत आला, तर तो क्लिअर कोटमध्येच आहे आणि पॉलिशने जाईल किंवा बराच फिका होईल. ओल्यातही तसाच पांढरा किंवा राखाडी राहिला तर तो खाली उतरलाय. त्याला कंपाउंड, म्हणजे घासायची जाडसर पेस्ट, लावून फरक पडणार नाही.

दार, फेंडर आणि बंपर यांचं वेगवेगळं बघा. एकाच फराट्यात तिन्ही प्रकार सापडतात.

चष्मेबद्दूर_नव्हे

काका, नखाच्या परीक्षेवर फार विसंबू नये असं माझं मत. नखं प्रत्येकाची वेगळी, आणि क्लिअर कोटमध्येच उतरलेली बारीक चीरसुद्धा नखाला लागते. पाण्याचा थेंब जास्त खरं सांगतो.

रंगारीकाका

मान्य. म्हणून दोन्ही सांगितल्या. नखाला लागलं म्हणजे लगेच रंगवायला न्या असं नाही. लागलं तर हात आवरा, एवढंच.

आडवाटेची

आत्ताच करून बघितलं. दारावरच्या पट्ट्यांवर नख वर चढतं, एका टोकाला तर खपलीसारखं थोडं निघालं आणि खाली निळा रंग दिसला! फेंडरवर पांढरं आहेच, पण त्याखाली बारीक रेघा आहेत. पाणी टाकल्यावर बहुतेक गायब होतात, एक-दोन राहतात. बंपरच्या कोपऱ्यातलं राखाडी ओल्यातही तसंच आहे आणि नख चक्क अडकतं.

रंगारीकाका

मग गॅरेजवाल्याचं तिन्ही रंगवायचं म्हणणं दाराला तरी लागू नाही. दार साफ होईल. फेंडर बव्हंशी होईल. बंपरवरचं राखाडी ते तुमचं प्रायमर आहे, तिथे टच-अप लागेल. पण बंपर प्लास्टिकचा असतो, त्याला गंज येत नाही, म्हणजे घाई नाही. तेच पत्र्यावर असतं तर आधी तिकडे धावायला सांगितलं असतं.

खटपट्या

दारावरच्या पांढऱ्यासाठी थिनर. फडक्याला दोन थेंब, एक हात मारला की साफ. पेंटर लोक हेच करतात, नाही का काका?

रंगारीकाका

करतात. त्यांच्या हाताला कधी थांबायचं ते ठाऊक असतं, आणि बिघडलंच तर गन शेजारी टांगलेली असते. घरी बसून करणाऱ्याला मी थिनर सांगणार नाही.

रेणूबंध

मी रंगांच्या रसायनशास्त्रातली, गॅरेजमधली नाही. थिनर कुणाच्या गाडीला काही करत नाही आणि कुणाच्या गाडीचा चिखल करतो, याचं कारण सांगते.

कारखान्यातला क्लिअर कोट भट्टीत, साधारण १३० ते १५० अंश सेल्सिअसला पक्का होतो. त्यात रेणूंच्या साखळ्या एकमेकींना आडव्या जोडल्या जातात आणि सगळं मिळून एक जाळं बनतं. जाळं झालेला थर द्रावकात विरघळत नाही, फार तर थोडा फुगतो आणि मऊ पडतो. चांगल्या गॅरेजमधला टू-के रंगही असाच: रंग आणि हार्डनर वेगळे येतात, मिसळल्यावर जाळं बनायला लागतं. पण साध्या स्प्रेच्या डब्यातला, हार्डनर नसलेला ॲक्रिलिक लॅकर नुसता सुकतो, जाळं बनत नाही. त्यातला द्रावक उडून जातो, बाकी काही नाही. त्यावर परत थिनर टाकला की तो पुन्हा पातळ होतो.

म्हणजे गाडीच्या त्या भागाला पूर्वी कुणी डब्यातला स्प्रे मारला असेल तर थिनर किंवा ॲसिटोन परक्या रंगाबरोबर तुमचाही रंग घेऊन जाईल. जुनी गाडी घेतलेली असेल तर हे आपल्याला माहीत असेलच असं नाही. चाचणी सोपी: दाराच्या आतल्या कडेसारख्या, पण त्याच वेळी रंगलेल्या जागी फडक्याला किंचित द्रावक लावून पुसा. फडक्याला गाडीचा रंग आला किंवा जागा चिकट झाली तर तिथेच थांबा.

कंपाउंड वापरतानाही फडक्याकडे लक्ष ठेवा. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर फडकं पांढरटच राहायला हवं. निळं झालं तर दोनच शक्यता: रंग जुन्या पद्धतीचा, क्लिअर कोट नसलेला आहे, किंवा क्लिअर कोट संपवून तुम्ही बेस कोटवर पोचलाय.

चष्मेबद्दूर_नव्हे

हा प्रतिसाद वर कुठेतरी डकवून ठेवायला हवा. एक विचारतो: आयसोप्रोपिल अल्कोहोलचं काय? तेही द्रावकच की.

रेणूबंध

हो, पण सौम्य. निम्मं पाणी घालून वापरलं तर पक्क्या झालेल्या क्लिअर कोटला थोड्या वेळात काही होत नाही. नुकत्याच रंगवलेल्या भागावर मात्र तेही नको, तो थर अजून आतून मऊ असतो. आणि अल्कोहोल रबराच्या फराट्यावर, वॅक्सवर, चिकटपणावर चालतं. सुकलेला गाडीचा रंग त्याने फारसा हलत नाही.

खटपट्या

बरं, थिनर मागे घेतो. पेट्रोल?

कंदील

पेट्रोल नको हो. वाफ जमिनीलगत पसरते, ठिणगी लांबची असली तरी पुरते, आणि त्यात बेंझिन असतं. डांबर काढायचं द्रावण किंवा साधं मिनरल टर्पेंटाइन हाताशी असताना पेट्रोल कशाला?

रंगारीकाका

आता कामाचा क्रम. ढग असताना किंवा सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना करा. तापलेल्या पत्र्यावर कुठलंही द्रावण सुकून नवा डाग पाडतं.

काळा फराटा आधी घ्या, तो सोपा. रबर किंवा मऊ प्लास्टिक असतं ते. मायक्रोफायबरच्या फडक्यावर डांबर काढायचं द्रावण घ्या, फडकं फराट्यावर थोडा वेळ नुसतं ठेवा, मग पुसा. दाबू नका. द्रावकाला वेळ दिला की तो काम करतो, जोर दिला की कचरा काम करतो.

पांढऱ्या पट्ट्यांपैकी जाड, खपलीसारखा भाग प्लास्टिकच्या पात्याने आडवा धरून उचला. प्लास्टिकचंच, लोखंडी ब्लेड नाही, आणि पृष्ठभाग शांपूच्या पाण्याने निसरडा ठेवून. राहिलेल्यावर क्ले बार. ही मळलेल्या मातीसारखी वडी असते, तिच्यात अतिशय बारीक घर्षक, म्हणजे घासणारे कण, असतं. भरपूर वंगण फवारून ती नुसत्या वजनाने पुढेमागे सरकवायची. वर चिकटलेलं ती कापून घेते, सपाट भागाला जवळजवळ हात लावत नाही. दर थोड्या वेळाने घडी घालून स्वच्छ बाजू वर आणायची. खाली पडली तर ती वडी गेली, धुऊन वापरू नका, तिच्यात रुतलेला खडा निघत नाही.

त्यानंतर उरेल त्याला कंपाउंड. आधी बारीक पॉलिश, भागलं नाही तर कंपाउंड, आणि परत बारीक पॉलिश. उलटं नाही. लोक आधीच सगळ्यात जाड रबिंग कंपाउंड आणतात आणि मग त्याचे ढगाळ गोल काढत बसतात. स्पंजच्या पॅडवर वाटाण्याएवढं घ्या, तळहाताएवढा तुकडा एका वेळी, मध्यम दाब, सरळ आडवे-उभे हात. पुसा, तिरका उजेड टाकून बघा, लागलं तर परत.

टेप लावायला विसरू नका. दाराची कड, पत्र्यावरची उठावाची रेघ, दिव्याचं रबर, सगळ्याला मास्किंग टेप. कडेवर रंग नेहमी पातळ बसतो, आणि हात किंवा यंत्र नेमकं तिथेच जास्त दाबलं जातं. माझ्याकडे "पॉलिश करताना रंग उडाला" म्हणून आलेल्या गाड्यांत कडा आणि उठावाच्या रेघाच जास्त.

दुपारची_झोप

काका, यंत्राने केलं तर लवकर होईल ना? ड्रिलला लावायचं पॅड मिळतं.

रंगारीकाका

ड्रिलला पॅड लावून गाडीजवळ जाऊ नका. ते एकाच अक्षावर फिरतं, एका जागी थांबलं की क्षणात उष्णता चढते. नवशिक्याने घ्यायचंच तर ड्युअल ॲक्शन पॉलिशर. ते फिरतं आणि त्याच वेळी हेलकावतंही, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. या ताईंच्या कामाला मात्र हात पुरे. बंपरवर तर हातच. पत्रा उष्णता पसरवून टाकतो, प्लास्टिक धरून ठेवतं, आणि वरचा रंग मऊ होऊन सुरकुततो.

तिरपागडा

मग माझ्या टूथपेस्टचं काय झालं? कुणी बोलतच नाहीये त्यावर.

रेणूबंध

टूथपेस्ट चालते ती तिच्यात घर्षक असतं म्हणून. कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिका. म्हणजे ती एक बेभरवशाचं कंपाउंड आहे. दातांच्या हिशोबाने बनवलेली, कण किती मोठे ते डब्यावर लिहिलेलं नाही, ब्रँडगणिक वेगळे. पॉलिशचा कण मोजून मापून ठरवलेला असतो, आणि पुष्कळ पॉलिशांत तो घासताना आणखी फुटून बारीक होत जातो, म्हणून शेवटी चमक राहते. मित्राच्या गाडीवरचं गेलं असेल, खोटं म्हणत नाही. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर धूसरपणा दिसत नाही. गडद निळ्यावर रात्री दिव्याखाली लख्ख दिसेल.

तिरपागडा

मित्राची चंदेरीच आहे. गप्प बसतो.

चष्मेबद्दूर_नव्हे

त्याच रांगेत मॅजिक स्पंज. मऊ लागतो म्हणून लोक फसतात. मेलामाइनचा फेस आहे तो, त्याचे धागे कडक असतात आणि ते पत्र्याला अगदी बारीक पॉलिश पेपरसारखे लागतात. डाग जातो आणि त्या जागी चमक नसलेला चौकोन राहतो. पॉलिशने परत आणता येते, पण मग पॉलिशच का नाही वापरलं?

डब्ल्यूडी-४० बद्दल मत वेगळं आहे माझं. रबराच्या फराट्यावर खरंच बरं चालतं, त्यात पेट्रोलियम द्रावक असतो. फक्त मागे तेल राहतं, ते बारीक ओरखड्यांत भरतं आणि सगळं गेल्यासारखं वाटतं. एकदा शांपूने धुतलं की ओरखडे हजर. मूळ १९५३ सालचं, गंज रोखण्यासाठी पाणी हटवणारं द्रावण आहे ते, पॉलिश नव्हे.

माळावरची

धागा आवडला. माझा प्रश्न थोडा वेगळा. गाडीवर पारदर्शक संरक्षक फिल्म आहे, पीपीएफ. तिच्यावर असंच पांढरं लागलं तर कंपाउंड चालेल का? आणि भावाची गाडी मॅट रंगाची आहे, तिचं काय?

चष्मेबद्दूर_नव्हे

पीपीएफवर आधी शांपू, मग पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, फिल्मच्या कडांपासून लांब. कडेतून द्रावक आत गेला तर गोंद सुटतो. हलके ओरखडे गरम पाण्याने किंवा उन्हात आपोआप भरून येतात, फिल्म तशी असेल तर. कंपाउंड नको. फिल्म फाटलीच असेल तर तेवढा तुकडा बदलून घ्या, ती त्यासाठीच असते.

मॅटला कुठलंच पॉलिश लावायचं नाही, क्लेही नाही. मॅट दिसतं ते पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत ठेवलेला असतो म्हणून. घासून तो सपाट झाला की तिथे चकाकणारा ठिपका होतो, आणि तो परत मॅट करता येत नाही. शांपू आणि मॅटसाठीचं क्लीनर, त्यापलीकडे थेट पेंटर.

सिरॅमिक कोटिंग असेल तर पॉलिश केलेल्या जागेवरून ते जातं. तेवढ्या तुकड्याला परत लावावं लागेल.

आडवाटेची

काळ्या प्लास्टिकचं कुणी सांगितलं नाही अजून. चाकाभोवतीचं, दाणेदार आहे, रंगवलेलं नाही.

रेणूबंध

ते बहुतेक पॉलिप्रॉपिलीन असणार. अल्कोहोलला ते दाद देत नाही. पातळ न केलेलं आयसोप्रोपिल मऊ ब्रशवर घेऊन दाण्यांच्या खाचांतून काढा. टर्पेंटाइनसारखे द्रावक त्याला फुगवू शकतात, ते जास्त वेळ ठेवू नका.

पण सगळं काळं प्लास्टिक एक नसतं. आरशाचं कव्हर बऱ्याचदा एबीएसचं असतं, ॲसिटोन लागला की ते विरघळायलाच लागतं. हेडलाइटची काच काच नसून पॉलिकार्बोनेट असते, तिला ॲसिटोन किंवा थिनर लागला तर आत तडे पडतात आणि ते परत निघत नाहीत. मागच्या दिव्याची काचही प्लास्टिकचीच, म्हणून फेंडरवर द्रावक लावताना तो दिवा टेपने झाका.

रंगारीकाका

दाणेदार प्लास्टिकवर पॉलिश किंवा वॅक्स सांडू देऊ नका. खाचांत पांढरं सुकून बसतं आणि मग ते काढायला वेगळा धागा काढावा लागेल.

खटपट्या

हीट गनने प्लास्टिकचे ओरखडे जातात म्हणे?

रंगारीकाका

उचकटलेले धागे बसतात. दाणेही बसतात. मग तो तुकडा गुळगुळीत चमकतो आणि ओरखड्यापेक्षा जास्त दिसतो.

आडवाटेची

झालं! दार पूर्ण साफ. टर्पेंटाइनने काळा फराटा गेला, क्लेने बहुतेक पांढरं गेलं, उरलेलं बारीक पॉलिशने. आधी दाराच्या आतल्या कडेवर चाचणी घेतली, फडकं स्वच्छ राहिलं. फेंडरवरच्या रेघा बऱ्याच फिक्या झाल्यात, दोन अजून आहेत पण शोधाव्या लागतात. चाकाभोवतीचं प्लास्टिक अल्कोहोलने ठीक झालं. आता बंपरचा कोपरा राहिला. आणि फेंडरच्या त्या दोन रेघांसाठी २००० नंबरचा वॉटर पेपर मारू का?

रंगारीकाका

नको. २००० च्या कागदाचा कण साधारण १० मायक्रॉनचा असतो. त्याच्या खुणा काढायला कंपाउंड, कंपाउंडच्या खुणा काढायला पॉलिश. या सगळ्यात क्लिअर कोटमधले कितीतरी मायक्रॉन जातात, आणि ऊन अडवणारी रसायनं त्याच थरात असतात. तो पातळ झाला की काही वर्षांनी तिथे पोपडे निघतात. तुमच्याकडे थर मोजायचं यंत्र नाही. शोधाव्या लागणाऱ्या रेघेसाठी एवढी किंमत मोजू नका. वॅक्स लावा, आणखी फिक्या दिसतील.

तसं मोजयंत्र असलं तर त्याचा एक उपयोग आहे. जुनी गाडी घेताना एखाद्या पत्र्यावर २०० मायक्रॉनच्या वर आकडा दिसला तर तो पत्रा परत रंगवलेला असण्याची शक्यता बरीच. खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल तर आकडा कुठल्या कुठे जातो. प्लास्टिकच्या बंपरवर साधी यंत्रं काही दाखवत नाहीत, त्यांना खाली धातू लागतो.

बंपरच्या कोपऱ्यासाठी तुमच्या गाडीचा रंगाचा कोड बघा, दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली पट्टीवर असतो. नुसतं "गडद निळा" म्हणून डबी आणू नका. कोड जुळला तरी उन्हाने गाडीचा रंग बदललेला असतो, तेव्हा आधी कार्डाच्या तुकड्यावर लावून, सुकवून, गाडीशेजारी धरून बघा. ओला रंग बघून ठरवू नका.

जागा पातळ अल्कोहोलने पुसा, वॅक्सचा अंश राहिला तर रंग धरत नाही. कडेचे सुटे पोपडे टोकाने काढा. नंतर ब्रशने नाही, टूथपिकच्या टोकाने रंग चिरेच्या आत सोडा. पातळ थर, सुकू द्या, परत. एकदाच भरला तर गोळा होतो आणि मध्ये खळगा पडतो. रंग आजूबाजूच्या पातळीच्या किंचित खाली राहील इतकाच, वरची जागा क्लिअरला. तुमचा निळा मेटॅलिक असेल तर जवळून ठिपका दिसणारच. त्यातले चमकीचे कण गनने मारताना जसे पसरतात तसे टूथपिकने पसरत नाहीत.

कंदील

आणि डब्यात येणारा टू-के क्लिअर घरी मारायचा मोह टाळा. त्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, श्वासातून गेलं तर दमा जडू शकतो, आणि एकदा ॲलर्जी बसली की पुढे अगदी थोडंही सोसत नाही. कापडी मास्कने अडत नाही ते. टूथपिकने लावायचा साधा क्लिअर वेगळा.

आडवाटेची

मेटॅलिकच आहे. ठिपका चालेल मला. टच-अप झाल्यावर वॅक्स लगेच लावू का सगळीकडे?

रंगारीकाका

दाराला आणि फेंडरला आजच लावा, तिथे नवा रंग नाही. टच-अपच्या ठिपक्यावर मात्र महिनाभर तरी काही नको. द्रावक उडून जायला वेळ लागतो, वर वॅक्स बसलं की तो आत कोंडतो. पूर्ण पॅनल रंगवून आणलं तर रंगाच्या कंपनीप्रमाणे महिना ते तीन महिने थांबायला सांगतात. तोवर नुसता शांपू, आणि पक्ष्यांची घाण दिसली की लगेच ओल्या फडक्याने उचलायची.

माळावरची

जाता जाता: खांबाचा पिवळा रंग लागला असेल तरी हाच क्रम ना? भावाचा प्रश्न आहे, मॅटवाला नाही, दुसऱ्या भावाचा.

चष्मेबद्दूर_नव्हे

हाच. फक्त खांबाला घासताना सिमेंटचे कणही येतात, त्यामुळे पिवळ्याखाली ओरखडे जवळपास नक्की. आधी भरपूर पाण्याने कण वाहून जाऊ द्या, मग फडकं. आणि पिवळं निघाल्यावर खाली पत्रा उघडा दिसला तर पॉलिश बाजूला ठेवून त्याच दिवशी प्रायमर लावायला सांगा, दमट हवेत उघड्या लोखंडावर गंज धरायला वेळ लागत नाही.